प्रोटॉन रॉकेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशनिरीक्षणाच्या रात्री आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून सरकत जातं, तेव्हा कुणीतरी विचारतंच, ‘एवढं धूड वर नेलं कुणी?’ बरंचसं सामान अमेरिकेच्या स्पेस शटलनं नेलं, पण सगळ्यात पहिला तुकडा वर गेला तो रशियाच्या प्रोटॉन रॉकेटवर. मग प्रोटॉनवर गाडी वळते आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

प्रोटॉन म्हणजे नेमकं कोणतं रॉकेट?

सोव्हिएत संघानं १९६० च्या दशकात घडवलेलं आणि पुढे रशियानं चालू ठेवलेलं अवजड भार वाहणारं रॉकेट. रॉकेट-रचनाकार व्लादिमीर चेलोमेय यांच्या संस्थेनं त्याचा आराखडा केला आणि मॉस्कोच्या फिली भागातल्या ख्रुनिचेव कारखान्यानं ते बांधलं. पहिलं उड्डाण १६ जुलै १९६५ रोजी झालं. तेव्हापासून चारशेहून जास्त प्रोटॉन उडाले आहेत आणि सगळे एकाच ठिकाणाहून: कझाखस्तानातल्या बायकोनूर तळावरून.

अलीकडचं रूप म्हणजे प्रोटॉन-एम. उंची सुमारे ५८ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीच्या आसपास. इंधन भरल्यावर वजन सुमारे ७०५ टन. पृथ्वीनजीकच्या कक्षेत ते सुमारे २३ टन भार नेऊ शकतं. रॉकेटच्या जगात साधारण २० टनांच्या पुढे ‘अवजड’ म्हणतात, त्या हिशेबानं प्रोटॉन त्या वर्गात उंबरठ्याच्या थोडं आत बसतं.

अणूतल्या कणाचं नाव रॉकेटला कसं काय?

ते नाव रॉकेटचं नव्हतंच. कागदोपत्री ते होतं यूआर-५००. पहिल्या उड्डाणात त्यानं वैश्विक किरण मोजणारा सुमारे १२ टनांचा उपग्रह नेला, त्या उपग्रहाचं नाव प्रोटॉन-१. वैश्विक किरणांत प्रोटॉनच जास्त, म्हणून ते नाव. सोव्हिएत संघात लष्करी यंत्रांची खरी नावं बाहेर सांगत नसत. त्यामुळे वर्तमानपत्रांनी प्रवाशाचं नाव गाडीला लावलं आणि तेच चिकटलं.

हे मुळात क्षेपणास्त्र होतं, हे खरं का?

हो. ऑक्टोबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघानं आजवरचा सर्वात मोठा, ५० मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडून पाहिला. बॉम्ब झाला, पण तो वाहून नेणार कोण? विमानानं नेणं म्हणजे शत्रूला आधी निरोप धाडण्यासारखं. म्हणून अतिजड अण्वस्त्र खंडापार नेणारं क्षेपणास्त्र हवं, अशी मागणी पुढे आली. चेलोमेय यांचं तेव्हा सत्तावर्तुळात वजन होतं. पंतप्रधान निकिता ख्रुश्चेव यांचा मुलगा सर्गेई त्यांच्याच संस्थेत अभियंता होता, यावरून काय ते समजा. १९६२ मध्ये कामाला मंजुरी मिळाली.

क्षेपणास्त्र म्हणून ते कधीच तैनात झालं नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव यांची सत्ता गेली आणि एवढ्या मोठ्या बॉम्बचं वेडही ओसरलं. रॉकेट मात्र वाचलं, कारण अवकाशासाठी जड सामान नेणारं दुसरं काही हाताशी नव्हतं. पण क्षेपणास्त्राचे गुण-अवगुण त्याच्या अंगात मुरलेले राहिले. खालची बरीच उत्तरं तिथेच जाऊन पोचतात.

खालच्या बाजूला सहा बूस्टर दिसतात. ते कधी सुटतात?

सुटतच नाहीत! प्रोटॉनबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

मधे एक जाड पिंप आणि त्याला चिकटून गोलाकार सहा बारीक पिंपं, अशी रचना डोळ्यांसमोर आणा. मधल्या पिंपात फक्त ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला लागणारं दुसरं द्रव. बाजूच्या सहांत इंधन. प्रत्येक बाजूच्या पिंपाखाली एक इंजिन आणि मधल्या मोठ्या पिंपाखाली काहीच नाही. सातही पिंपं मिळून एकच पहिला टप्पा होतो. दोन मिनिटांनी तो पडतो तेव्हा सगळा एकत्रच पडतो.

असा विचित्र घाट का? रेल्वेमुळे. मॉस्कोतला कारखाना आणि बायकोनूर यांच्यात दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर. समुद्र नाही, मोठी नदी नाही, सामान जायचं ते आगगाडीनं. सोव्हिएत रेल्वेवरून ४.१ मीटरपेक्षा रुंद वस्तू नेता येत नसे. म्हणून मधलं पिंप बरोबर ४.१ मीटर व्यासाचं. एवढ्या व्यासाच्या एकाच नळकांड्यात पहिल्या टप्प्याचं चारशे टनांहून जास्त द्रव भरायचं, तर रॉकेट उदबत्तीसारखं लांबुडकं झालं असतं. मग इंधनाच्या टाक्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या डब्यांतून नेल्या आणि बायकोनूरच्या जुळणी-शाळेत मधल्या पिंपाभोवती बसवल्या. जोडल्यावर बुडाचा व्यास होतो सुमारे ७.४ मीटर.

मधल्या पिंपात ऑक्सिडायझरच का, तर त्याचं आकारमान इंधनाच्या जवळजवळ दीडपट लागतं. मोठं द्रव मोठ्या पिंपात, छोटं द्रव सहांत वाटून. हा घाट मला फार आवडतो. अडचणीतून निघालेला मार्ग इतका नीटस क्वचितच असतो.

इंधन इतकं विषारी का वापरलं?

पुन्हा क्षेपणास्त्र. अण्वस्त्राचं क्षेपणास्त्र हुकूम येईपर्यंत भरलेलं, तयार उभं राहायला हवं. द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंशांवर उकळतो, त्यामुळे भरून ठेवला की उडत राहतो. म्हणून साध्या तापमानाला द्रव राहणारी जोडी निवडली: इंधन म्हणून यूडीएमएच नावाचं हायड्रॅझिनच्या घराण्यातलं द्रव आणि ऑक्सिडायझर म्हणून नायट्रोजन टेट्रॉक्साइड. रशियन कामगारांच्या तोंडी पहिल्याचं नाव ‘हेप्टिल’ आणि दुसऱ्याचं ‘अमिल’.

ही दोन द्रवं एकमेकांना भेटली की आपोआप पेटतात. काडी नको, ठिणगी नको. इंजिन पेटवणं त्यामुळे फार सोपं होतं. किंमत अशी की हेप्टिल श्वासातून, त्वचेतून, पाण्यातून, कुठूनही गेलं तरी विष. अमिलची वाफ फुप्फुसं जाळते. भरणारी माणसं बंद पोशाख आणि मुखवटे घालून काम करतात.

यावर ‘रशियन लोक असंच करणार’ म्हणून नाक मुरडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. इस्रोचं विकास इंजिन याच कुळातलं आहे. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा, जीएसएलव्हीचे बाजूचे बूस्टर आणि एलव्हीएम-३ चा मधला गाभा याच जातीच्या द्रवांवर चालतात. भारतात इंधनात हायड्रॅझिन हायड्रेट मिसळतात, एवढाच फरक. विकास इंजिनांची बांधणी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्येही होते. तिथे अर्थात नुसतं धातूकाम होतं, द्रवं भरली जातात ती श्रीहरिकोट्याला.

इंजिनात एवढं काय विशेष आहे?

पहिल्या टप्प्याचं इंजिन आरडी-२५३. ते सोव्हिएत इंजिन-रचनाकार व्हॅलेंटिन ग्लुश्को यांनी केलं. पुढे त्याचीच सुधारित रूपं आरडी-२७५ आणि आरडी-२७६ आली. एकेक इंजिन सुमारे १५० टनांचा रेटा देई आणि अशी सहा.

खुबी कळायला टर्बोपंप समजून घ्यावा लागतो. रॉकेट इंजिनात द्रवं प्रचंड दाबानं आत ढकलावी लागतात. त्यासाठी पंप, आणि पंप फिरवायला टर्बाइन. टर्बाइन फिरवायला थोडं इंधन वेगळं जाळतात. विकाससारख्या इंजिनात तो वायू टर्बाइन फिरवून बाहेर सोडून देतात, म्हणजे तेवढं इंधन थोडंफार वाया. आरडी-२५३ मध्ये तोच गरम वायू मुख्य ज्वलनकक्षात घालून पुन्हा जाळतात. थेंब वाया जात नाही. पण हा वायू ऑक्सिडायझरनं ओतप्रोत असतो आणि असा गरम वायू धातूच खायला उठतो. त्याला पुरून उरणारे धातू आणि लेप १९६० च्या दशकात तयार करणं ही मोठी कामगिरी होती. कक्षातला दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या एफ-१ इंजिनात तो याच्या निम्म्याच्या आसपास होता.

हे इंजिन ग्लुश्को यांनी आधी चेलोमेय यांचे प्रतिस्पर्धी रॉकेट-रचनाकार सर्गेई कोरोलेव यांच्या एन-१ या चंद्र-रॉकेटसाठी पुढे केलं होतं. कोरोलेव यांना विषारी द्रवं नकोच होती. त्यांचा हट्ट केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायूचा. दोघांचं आधीच जमत नव्हतं, इथे ते पार तुटलं. इंजिन चेलोमेय यांच्याकडे गेलं. एन-१ चारदा उडालं आणि चारही वेळा कोसळलं. प्रोटॉन मात्र पन्नास वर्षांहून जास्त चाललं. त्यात कुणाचं चुकलं हे सांगणं सोपं नाही. विषाबद्दल कोरोलेव बरोबर होते, इंजिनाबद्दल ग्लुश्को.

उड्डाण टप्प्याटप्प्यानं कसं होतं?

रॉकेट आडवं जोडतात, आडवंच आगगाडीवर ठेवून तळावर आणतात आणि तिथे उभं करतात. रॉकेटची गाडी येण्याआधी रुळांवर नाणी ठेवायची आणि ती चपटी झाली की खिशात टाकायची, अशी बायकोनूरची जुनी रीत आहे.

पहिला टप्पा दोन मिनिटं जळतो. सहाही इंजिनं थोडी थोडी वळतात, त्यातून रॉकेटला दिशा मिळते. मग गंमत: पहिला टप्पा सुटण्याआधीच दुसऱ्याची चार इंजिनं पेटतात. दोन टप्प्यांच्या मधे भरीव भिंत नसून लोखंडी जाळीसारखा सांगाडा असतो, त्यातून ज्वाळा बाहेर निसटतात. याला ‘गरम विलगीकरण’ म्हणू. हल्ली स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटनं तीच युक्ती घेतली तेव्हा फार गवगवा झाला. प्रोटॉन हे १९६५ पासून करत आलं आहे.

दुसरा टप्पा साडेतीन मिनिटांच्या आसपास, तिसरा सुमारे चार. या दोन्हींची इंजिनं वोरोनेझ शहरात तयार होतात. तिसऱ्यात एक मोठं इंजिन आणि दिशा देण्यासाठी चार नळ्यांचं छोटं इंजिन. हे छोटं इंजिन लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपद्व्याप येणार आहे. एकूण दहा मिनिटांच्या आत भार जवळपास कक्षेत पोचतो.

मग बातमीत ‘प्रक्षेपण नऊ तासांचं’ असं का लिहिलेलं असतं?

ते वरच्या, चौथ्या टप्प्यामुळे. दूरसंचार उपग्रहाला जायचं असतं विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर. बायकोनूर मात्र ४६ अंश उत्तरेला. शिवाय पडणारे टप्पे चीनवर पडू नयेत म्हणून प्रोटॉन थोडं वर, ईशान्येकडे जातं. त्यामुळे त्याची कक्षा विषुववृत्ताला सुमारे साडेएकावन्न अंशांनी तिरकी असते. हा तिरकसपणा काढायला खूप जोर लागतो आणि तो उंचावर, सावकाश काढला तर स्वस्त पडतो. ब्रीझ-एम हा वरचा टप्पा त्यासाठी बहुतेक वेळा पाच वेळा पेटतो आणि विझतो. मधे मधे नुसताच तरंगतो. त्याचं इंजिन फक्त दोन टन रेट्याचं. त्याच्याभोवती मेदूवड्यासारखी गोल टाकी असते, रिकामी झाली की ती सोडून देतात.

ब्रीझच्या आधी ब्लॉक-डी नावाचा टप्पा होता, आणि तो केरोसीन व द्रवरूप प्राणवायूवर चाले. कोरोलेव यांच्या संस्थेनं तो एन-१ साठी केला होता. म्हणजे ज्या चेलोमेय यांच्याशी आयुष्यभर चुरस, त्यांच्याच रॉकेटच्या डोक्यावर कोरोलेव यांचा टप्पा बसला.

अवकाश स्थानकाचा ५१.६ अंशांचा कलही याच भूगोलातून आला. रशियाच्या रॉकेटांना तिथे पोचता यावं म्हणून तो कोन धरला. त्यामुळेच ते पुण्या-नागपूरच्याच नव्हे, तर लंडनच्याही डोक्यावरून जातं.

आपलं एलव्हीएम-३ वजनाला जवळपास तेवढंच आहे. मग भार इतका कमी का नेतं?

प्रश्न रास्त आहे. एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं, प्रोटॉन-एम ७०५ टनांचं. पृथ्वीनजीकच्या कक्षेत आपलं सुमारे ८ टन नेतं, ते २३. फरक डोळ्यात खुपतो.

मुख्य कारण घन इंधनाचे बूस्टर. एलव्हीएम-३ च्या एकूण वजनात मोठा वाटा दोन एस-२०० बूस्टरांचा आहे. घन इंधन साधं आणि भरवशाचं, पण किलोमागे रेटा कमी देतं आणि त्याचं पोलादी कवचही जड. प्रोटॉनचे तिन्ही टप्पे त्या काटकसरी, वायू पुन्हा जाळणाऱ्या इंजिनांवर चालतात.

पण तुलना इथेच थांबवू नका. दूरसंचार उपग्रहांच्या हस्तांतरण कक्षेत, म्हणजे ३६,००० किलोमीटरच्या वाटेवरच्या मधल्या लांबट कक्षेत, एलव्हीएम-३ सुमारे ४ टन नेतं आणि प्रोटॉन-एम सहाच्या थोडं वर. इथे अंतर एकदम घटतं. श्रीहरिकोटा विषुववृत्ताच्या जवळ, साडेतेरा अंशांच्या आसपास, त्यामुळे तिरकसपणा कमी काढावा लागतो. आणि आपला वरचा टप्पा द्रवरूप हायड्रोजनचा, म्हणजे किलोमागे सगळ्यात जास्त जोर देणारा. एलव्हीएम-३ त्या कामासाठीच बेतलेलं आहे. ज्याचं माप त्याच अंगाला.

प्रोटॉनवर माणूस कधी गेला का?

नाही. जाणार मात्र होता. १९६७ ते १९७० या काळात झोंड नावाची यानं प्रोटॉनवरून चंद्राभोवती पाठवून परत आणायची योजना होती. आधी रिकामी, मग माणसांसह. रॉकेट तेव्हा इतक्या वेळा दगा देत होतं की माणसं बसवायचा धीर झाला नाही. डिसेंबर १९६८ मध्ये अमेरिकेचं अपोलो-८ चंद्राभोवती फिरून आलं आणि त्या शर्यतीत अर्थच उरला नाही.

यातल्या झोंड-५ ची गोष्ट आपल्या जवळची आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये त्यातून दोन कासवं चंद्राला वळसा घालून आली. चंद्रापर्यंत जाऊन जिवंत परतलेले पहिले प्राणी तेच. सोबत माश्या, अळ्या, बिया वगैरे होत्या. परतताना यान ठरलेल्या वाटेनं न येता हिंदी महासागरात पडलं. सोव्हिएत जहाजांनी ते उचललं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणलं कुठे, तर मुंबई बंदरात. तिथून विमानानं ते मॉस्कोला गेलं. चंद्राला जाऊन आलेलं यान आपल्या बंदरात उतरलं आणि मुंबईकर आपल्या कामाला लागलेले. मी हे सांगतो तेव्हा लोक आधी हसतात, मग मोबाइलवर शोधायला लागतात. कासवांचं वजन थोडं घटलं होतं, भूक मात्र शाबूत होती.

राकेश शर्मा प्रोटॉननं गेले होते का?

ते गेले सोयूझ टी-११ यानातून, ३ एप्रिल १९८४ रोजी, आणि त्यांचं रॉकेटही सोयूझच. पण ते ज्या सोव्हिएत सॅल्यूत-७ स्थानकावर जवळजवळ सात दिवस राहिले, ते दोन वर्षांपूर्वी, एप्रिल १९८२ मध्ये, प्रोटॉननं वर नेलं होतं. माणसं सोयूझनं आणि घर प्रोटॉननं, अशी ती वाटणी.

आणखी काय काय नेलं त्यानं?

यादी लांब आहे. पहिलं अवकाश स्थानक सॅल्यूत-१ १९७१ मध्ये आणि त्यानंतरची सगळी सॅल्यूत. मीर स्थानकाचा गाभा, फेब्रुवारी १९८६. आंतरराष्ट्रीय स्थानकाचे झार्या (नोव्हेंबर १९९८), झ्वेज्दा (जुलै २०००) आणि नाउका (जुलै २०२१) हे भाग. चंद्रावर चाललेली पहिली गाडी लुनोखोद-१, १९७०. शुक्राच्या पृष्ठभागावरून पहिली छायाचित्रं पाठवणारं व्हेनेरा-९. हॅलेच्या धूमकेतूजवळ गेलेली दोन्ही वेगा यानं. २०१६ मध्ये युरोपचं मंगळाकडे जाणारं एक्सोमार्स.

एप्रिल १९९६ पासून परदेशी कंपन्यांचे उपग्रहही प्रोटॉन नेऊ लागलं आणि त्या पैशावर, सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या कडकीत, ख्रुनिचेव कारखान्याची चूल पेटती राहिली.

मग एवढे अपघात का?

साधारण दर नऊ-दहा उड्डाणांमागे एक अपयश. सुरुवातीची वर्षं तर फार वाईट होती. पण लोकांना आठवतात ते २०१० नंतरचे अपघात, आणि त्यातले बरेच आराखड्याचे नव्हेत, हातांचे.

डिसेंबर २०१० मध्ये तीन ग्लोनास उपग्रह, म्हणजे रशियाच्या जीपीएसचे, थेट प्रशांत महासागरात गेले. वरचा टप्पा नव्या घाटाचा होता, त्याची टाकी आधीपेक्षा मोठी. द्रवरूप प्राणवायू भरताना हिशेब जुन्या टाकीचा धरला गेला. दीड टन जास्त भरला, रॉकेट जड झालं आणि कक्षा गाठू शकलं नाही.

२ जुलै २०१३ चा अपघात तर दूरचित्रवाणीवर थेट दिसला. रॉकेट सुटलं, डुललं, एका बाजूला कललं, दुसऱ्या बाजूला कललं, मग आडवं झालं. हवेतच तुटायला लागलं आणि अर्ध्या मिनिटात तळापासून अडीच किलोमीटरवर कोसळलं. इंजिनं बंद का केली नाहीत, असं लोक विचारतात. सुरुवातीची सुमारे ४० सेकंद प्रोटॉन इंजिनं बंद करूच देत नाही, नाहीतर ते तळावरच पडेल.

चौकशीत सापडलं ते असं. रॉकेट किती वेगानं वळतंय हे मोजणारे सहा संवेदक होते, त्यांतले तीन उलटे बसवलेले. डावीकडे वळलं की ते ‘उजवीकडे’ सांगणार. संगणक बिचारा दुरुस्ती करत गेला आणि दर दुरुस्तीनं चूक वाढत गेली. संवेदकावर ‘ही बाजू वर’ असा बाण होता. उलटे बसू नयेत म्हणून खिळीही होती. बसवणाऱ्यानं ते जोर लावून बसवले होते, तशा खुणा धातूवर सापडल्या. विजेच्या चाचणीत सगळं ठीक दिसलं, कारण चाचणी फक्त तारा जोडल्या आहेत का एवढंच बघत होती. घरात प्लग बसत नाही म्हणून दणका देऊन बसवणारे आपण सगळेच हे वाचून जरा गप्प होतो.

२०१४ आणि २०१५ मध्ये तेच तिसऱ्या टप्प्याचं छोटं इंजिन दोनदा बिघडलं, योगायोगानं दोन्ही वेळा १६ मे रोजी. मग २०१७ च्या सुरुवातीला वोरोनेझच्या इंजिनांत ठरल्याहून वेगळ्या मिश्रधातूची डाख वापरल्याचं उघड झालं. सत्तरहून जास्त इंजिनं परत मागवून उघडून पाहावी लागली आणि प्रोटॉन जून २०१६ पासून जून २०१७ पर्यंत वर्षभर जमिनीवर राहिलं. तोवर अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीनं स्वस्तात उड्डाणं द्यायला सुरुवात केली होती. गिऱ्हाइकं तिकडे गेली ती गेली.

पडलेले टप्पे कुठे जातात? तिथली माणसं?

पहिला टप्पा कझाखस्तानच्या गवताळ मैदानात पडतो, दुसरा रशियाच्या अल्ताई डोंगरभागात. फ्लोरिडा किंवा श्रीहरिकोट्यासारखा समोर समुद्र नाही. टाक्यांच्या तळाशी राहिलेलं हेप्टिल मातीत उतरतं. १९९९ मध्ये दोन प्रोटॉन कोसळले तेव्हा कझाखस्ताननं काही काळ उड्डाणंच रोखली. बायकोनूरसाठी रशिया वर्षाला ११.५ कोटी डॉलर भाडं देतो. भाडेकरार २०५० पर्यंतचा आहे, पण विषारी इंधनावरून मालक-भाडेकरूंची कुरबुर जुनीच. माझ्या मते प्रोटॉनच्या हिशेबातली सगळ्यात न सांगितली जाणारी रक्कम हीच.

भारतानं प्रोटॉन कधी वापरलं का?

इस्रोनं आपल्या उपग्रहासाठी नाही. आपले जड उपग्रह बराच काळ युरोपच्या एरियानवरून गेले. पण प्रोटॉन बांधणाऱ्या ख्रुनिचेवशी भारताचा संबंध वेगळ्या वाटेनं आला. १९९१ मध्ये क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवांवर चालणारं, इंजिन आणि त्याचं तंत्रज्ञान देण्याचा करार सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या अवकाश संस्थेशी झाला. १९९२ मध्ये अमेरिकेनं निर्बंध लावले आणि १९९३ मध्ये करार बदलला: तंत्रज्ञान नाही, सात तयार टप्पे फक्त. ते ख्रुनिचेवनं बांधले. १८ एप्रिल २००१ ला पहिलं जीएसएलव्ही उडालं ते त्यातल्याच एकावर. स्वतःच्या क्रायोजेनिक टप्प्याचं यश मिळायला जानेवारी २०१४ उजाडावं लागलं.

प्रोटॉन आता बंद झालं का?

व्यापारी धंदा संपल्यातच जमा आहे. परदेशी उपग्रह घेऊन ते ऑक्टोबर २०१९ मध्ये उडालं, तेव्हा सोबत एमईव्ही-१ नावाचं यान होतं, जे पुढे इंधन संपत आलेल्या एका उपग्रहाला जाऊन चिकटलं आणि त्याचं आयुष्य वाढवलं. २०२२ नंतर पाश्चात्त्य गिऱ्हाइकं उरलीच नाहीत. २०२३ मध्ये दोन उड्डाणं झाली, दोन्ही रशियाच्या स्वतःच्या उपग्रहांसाठी.

जागा घ्यायची आहे अंगारा-ए५ ला. केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायू, म्हणजे शेवटी कोरोलेव यांचंच म्हणणं. ते डिसेंबर २०१४ मध्ये प्लेसेत्स्कहून पहिल्यांदा उडालं आणि एप्रिल २०२४ मध्ये अतिपूर्वेच्या वोस्तोच्नी तळावरून. दहा वर्षांत उड्डाणं बोटांवर मोजण्याइतकी. नवं रॉकेट असूनही जुनं सुटत नाही, हे रशियालाच नवीन नाही.

चित्रफितीत प्रोटॉन ओळखायचं कसं?

बुडाशी बघा. सहा नळ्या गोलात आणि मधे रिकामं, तर प्रोटॉन. सोयूझला खालून चार निमुळते बूस्टर असतात आणि ते खरोखर सुटतात, हवेत त्यांचा फुलीसारखा आकार दिसतो.

दुसरी खूण सुटतानाची. इंजिन पेटण्याच्या क्षणी खालून विटकरी-तांबूस धुराचा लोट फुटतो. ते अमिल, नायट्रोजन टेट्रॉक्साइड. क्षणभरात तो रंग जातो आणि रॉकेट वर चढतं तेव्हा खाली भडक पिवळी ज्योत नसते. जवळजवळ पारदर्शक, फिकट निळसर झोत असतो, आणि त्यातून पलीकडची हवा थरथरताना दिसते. केरोसीनच्या रॉकेटची सवय असलेल्याला वाटतं, हे पेटलंय की नाही? आवाज बंद करून पाहिलं तर तसंच वाटेल.